चित्रामागची रिकामी जागा

हेमंतदादा, तुमच्यावर चार चांगल्या ओळी लिही, असं सगळे सांगतायत. 'निरखून'चे वाचक मेल पाठवतायत, तुमचे जुने विद्यार्थी फोन करून "तूच लिहायला पाहिजेस" म्हणतायत. म्हणून बसले लिहायला, तर लक्षात आलं की मला तुमच्याबद्दल चांगलं काही लिहायचंच नाहीये. मला भांडायचंय. तुम्ही असे अर्ध्यातून उठून गेलात, आता कुणाशी भांडू? म्हणून इथेच, तुमच्याच घरात येऊन भांडते.

आधी तुमचा नियम पाळते. नोंद अशी लिहायची की पहिल्यांदाच आलेला माणूस दारात अडखळता कामा नये, असं तुम्ही म्हणायचात. तर, नवीन आलेल्या माणसा, 'निरखून' ही आम्हा दोघांची साइट. वेबसाइट बनवायची टूल्स आणि जगभरातल्या डोकेबाज साइट्स यांच्याबद्दल आम्ही इथे मराठीत नोंदी लिहायचो. हेमंतदादा माझ्या जन्माच्या आसपास कधीतरी वेबसाइट बनवायला लागले असतील. मी पल्लवी. अमरावतीहून हिंजवडीच्या एका कंपनीत आले आणि तिथे दिवसभर बटणांचे कोपरे गोल करत बसायचे. शनिवारी कंपनी बंद, म्हणून दोन बसेस बदलून दादांच्या विश्रांतवाडीच्या घरी. दादा मागच्या महिन्यात गेले. हृदयविकाराचा झटका. झालं, अडखळायला नको.

आता तुमच्याकडे वळते.

तुमची पद्धत ठरलेली. मी आठवड्यात एक साइट शोधून आणायची. तुमच्या जेवणाच्या टेबलावर बसून ती पुन्हा नीट बघायची, लॅपटॉपचं झाकण पाडायचं आणि मग तुम्हाला सांगायची. तुम्ही खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून ऐकायचात. "सांग वऱ्हाड, काय दिसलं?" हे माझं तुम्ही ठेवलेलं नाव. पहिल्यांदा मी म्हटलं होतं, "भारी आहे दादा, एकदम क्लीन." तुम्ही म्हणालात, "भारी म्हणजे किती किलो? आणि क्लीन म्हणजे काय, कुणी फरशी पुसलीय का?" मला इतका राग आला होता! पण मग सांगायला लागले. वर डावीकडे बारीक अक्षरात नाव आहे. खाली सगळा पांढरा. मधोमध एक नारिंगी गोल आहे, माउस नेला की तो दचकल्यासारखा बाजूला सरकतो. "किती सरकतो? नारिंगी कुठला, संत्र्याचा की भगवा? गोलाला कड आहे?" तुम्ही एकेक प्रश्न विचारायचात आणि मी झाकण उघडून पुन्हा बघायचे. दुपार अशी निघून जायची. मग तुम्ही त्यावर नोंद लिहायचात, म्हणजे तोंडी सांगायचात आणि मी टाइप करायचे. खाली दोघांची नावं.

मला वाटायचं, मी बघायला शिकतेय. हॉस्टेलवर जाऊन मैत्रिणींना सांगायचे, असे गुरू नशिबाने मिळतात.

गेल्या रविवारी मीनाताईंकडे गेले होते. तुमची थोरली बहीण, शाळेतून रिटायर झाल्यापासून तुमच्याच घरी राहणारी, आता त्या घरात एकटी. त्यांनी गवती चहा टाकून चहा केला आणि तुमचा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "हा तू घेऊन जा बाई. सारखा बोलत असतो, मला बंद करता येत नाही."

मी झाकण उघडलं, तर आतून एका बाईचा सपाट आवाज सुरू झाला. रविवार, सूचना, तीन नवीन संदेश, असं वाचत सुटला. मी म्हटलं, "ताई, हे काय लावून ठेवलंय यांनी?"

"तोच तो आवाज. त्याशिवाय त्याला कळणार कसं, काय लिहिलंय ते?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? पडदा गेला होता ना त्याच्या डोळ्यांचा. मधलं सगळं गेलं होतं, कडेकडेचं तेवढं दिसायचं." मग त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "तुला माहीत होतं ना?"

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"अगं, पण तूच तर वाचून दाखवायचीस त्याला! तू यायला लागलीस तेव्हाच सुरू झालं होतं, नंतर वाढत गेलं. दर शनिवारी मी स्वयंपाकघरातून ऐकायचे, तू किती नीट सांगायचीस. मला वाटायचं, चला, एकीला तरी सांगितलं यानं. मला शपथ घातली होती, कुणाकडे बोलायचं नाही म्हणून." आणि ताई चिडून बोलून गेल्या, "मेल्यानं मलासुद्धा फसवलं." बोलल्या आणि तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या. तो आवाज अजून तीन नवीन संदेश वाचत होता.

दादा, माझ्यासमोर तुम्ही तो आवाज एकदाही काढला नाहीत. शनिवारी मी यायच्या आधी बंद करून ठेवायचात ना? किती काळजी घेतलीत. एवढी काळजी खरं सांगायला घेतली असतीत तर!

तेव्हापासून मी एकेक गोष्ट काढून बघतेय आणि प्रत्येक गोष्टीत तुम्ही मला गंडवलेलं दिसतंय. हॉटेलात मेनूकार्ड माझ्याकडे सरकवायचात. "तू वाच, वऱ्हाडी तोंडून साबुदाणा वडा ऐकायला मजा येते." मी पण शहाणी, ठसक्यात वाचून दाखवायचे. स्कूटर विकलीत, तर म्हणे पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये आता मूर्खांनीच गाडी चालवावी. मेसेज कधी टाइप केला नाहीत, कायम बोलून पाठवायचात, म्हणे टाइप करायला मी काय कारकून आहे? हाताने डिझाइन करणं सोडलंत, "आता तुम्ही पोरांनी करा, मी नावं ठेवतो." 'निरखून'ची अक्षरं एवढी मोठी करून घेतलीत की मी म्हटलं, "दादा, रेल्वे स्टेशनवरचा बोर्ड वाटतोय." तुम्ही म्हणालात, "मग कुणाची गाडी चुकणार नाही." मी हसले. प्रत्येक वेळी हसलेच मी!

आणि खडकी बाजारातली ती गोष्ट. मी भाजीच्या गाड्यापाशी उभी, तुम्ही समोरून आलात, मी चांगला हात उंच करून हलवला आणि तुम्ही सरळ माझ्या अंगावरून निघून गेलात. शनिवारी मी तोंड फुगवून विचारलं, "दादा, काल ओळख काहून नाही दिली?" तुम्ही क्षणभरही न थांबता म्हणालात, "पुण्यात आहेस. इथे रस्त्यात ओळख दाखवायला आधी वेळ घ्यावी लागते." हा किस्सा मी अमरावतीला जाऊन किती जणांना ऐकवलाय! पुणेरी माणूस कसा असतो बघा म्हणून. अख्खं पुणे तुमच्या मदतीला होतं, दादा. दुसऱ्या कुठल्याही गावात तुम्ही आठ दिवसांत पकडले गेला असतात. इथे तुमचा तुसडेपणा सगळ्यांना आपला वाटला.

तुमच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली असायची. मला वाटायचं, कलाकार माणूस, लक्ष नसतं. मला माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का, दादा, एक बटण सोडून लावलंय म्हणून?

चित्रांचं तर विचारूच नका. वेबसाइटवर प्रत्येक चित्राच्या मागे शब्द लिहायला एक जागा असते. बघणाऱ्याला ते शब्द दिसत नाहीत. ज्याला चित्र दिसत नाही त्याला तो आवाज ते वाचून दाखवतो. बहुतेक जण ती जागा रिकामी सोडतात. मी सुरुवातीला तिथे 'स्क्रीनशॉट' एवढंच लिहायचे. तुम्ही 'निरखून' अशी बांधून घेतलीत की चित्रामागे धड वाक्यं नसतील तर नोंद पुढे सरकतच नाही, लाल पट्टी येते. एकदा कंटाळून मी म्हटलं, "दादा, आपल्या नोंदी वाचणारा असा कोण न दिसणारा वाचक आहे हो?" तुम्ही चहाचा घोट घेतलात आणि म्हणालात, "असेल एखादा."

असेल एखादा! समोर बसून, माझ्या हातचा चहा पिऊन!

पण हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. माणसाला लाज वाटते, भीती वाटते, मला कळतं. न कळणारी गोष्ट वेगळीच आहे. आपला पहिला नियम काय होता? स्वतः बघितल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. हा नियम तुम्हीच केलात, साइटच्या कपाळावर तुम्हीच लिहून घेतलात. मग ती नदीवाली साइट आठवा. नवीनच कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलीची. नदीकाठची झाडं शाईने काढलेली, पान खाली सरकवत गेलं की ऋतू पालटत जातात, एक शब्द नाही. मी ती सांगताना एकेका झाडापाशी थांबत होते. तुम्ही म्हणालात, तू लिंक पाठव, मी रात्री निवांत बघतो. पुढच्या शनिवारी म्हणालात, "रिकामी आहे."

"रिकामी? दादा, तुम्ही नीट बघितलीत का?"

"नीट बघितली. त्यात काहीच नाही. लिही."

मी हात आखडून बसले. तास दीड तास भांडलो आपण. शेवटी तुम्ही म्हणालात, "माझ्यावर विश्वास आहे ना? मग लिही." मी लिहिलं. खाली दोघांची नावं. त्या मुलीचा मेल आला, 'तुम्ही साइट उघडून बघितली असतीत तर बरं झालं असतं.' आणि मी, मी तिला ठणकावून उत्तर दिलं की दादांनी बघितल्याशिवाय आजवर काही लिहिलेलं नाही. तुमच्या वतीने मी खोटं बोलले, दादा, आणि मला ते खोटं आहे हे माहीतसुद्धा नव्हतं.

परवा मी तुमच्या लॅपटॉपवर ती साइट उघडली. तुमचा तो आवाज लावला, स्क्रीनवर टॉवेल टाकला आणि ऐकलं. "चित्र. चित्र. चित्र. चित्र." मग गप्प. संपली. म्हणजे तुम्ही खोटं नव्हता बोललात, तुमच्यापुरती ती रिकामीच होती. तिने एकाही झाडामागे एक शब्द ठेवला नव्हता. मग हेच का नाही लिहिलंत? मला दिसत नाही, आणि या सुंदर साइटने मला दारातच उभं केलं, एवढं लिहिलं असतंत तर ती 'निरखून'मधली सगळ्यात चांगली नोंद झाली असती. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी प्रत्येक झाडाला शब्द दिले असते. तुम्ही मात्र 'नीट बघितली' म्हणालात आणि मिळवलंत काय, तर एका पोरीचा हिरमोड. तिला मी काल सगळं लिहून कळवलंय. तुम्हाला आवडणार नाही. नाही आवडलं तर नाही.

आता खरं दुखणं सांगते. हार्मोनियमची साइट.

खडकीतले ते हार्मोनियम दुरुस्त करणारे आजोबा, त्यांच्यासाठी मी एकटीने केलेली पहिली साइट. पान सरकवलं की भाता उघडतो, घडी घडी मोकळी होते आणि प्रत्येक घडीत एकेका वाद्याची गोष्ट. भात्याच्या त्या मळक्या लालसाठी मी किती रात्री जागले, तुम्हाला माहीत आहे. ती घेऊन मी तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, "झाकण पाड. सांग." मी सांगितलं. तुम्ही विचारलंत, घडीच्या आत रंग बदलतो का? मी म्हटलं, हो, आत गडद होतो, जिथे ऊन पोचलं नाही तिथे कापड विटलेलं नसतं ना. तुम्ही खिडकीकडे तोंड वळवलंत. मला राहवेना. मी लॅपटॉप उघडून तुमच्यापुढे धरला. "दादा, एकदा बघा ना. लाल कसा वाटतोय?"

तुम्ही बघितलंत. म्हणजे मान वाकडी करून तिकडे तोंड केलंत. म्हणालात, "बरोबर आहे." आणि मग ते वाक्य. "आता तुला त्या कंपनीत बसायची गरज नाही. तुझा डोळा तयार झालाय."

सोमवारी मी राजीनामा दिला. बाबा फोनवर ओरडले, "काहून सोडली व चांगली नोकरी? कोनं सांगितलं तुले?" मी म्हटलं, ज्यांनी सांगितलं त्यांना यातलं कळते, बाबा. केवढ्या तोऱ्यात म्हटलं होतं! त्या एका वाक्यावर मी उभी आहे, दादा. घर, काम, बाबांचं तोंड, सगळं त्या वाक्यावर. आणि ते वाक्य बोलणाऱ्याला माझा लाल दिसतच नव्हता. बरोबर आहे म्हणे. कशावरून बरोबर आहे?

रविवारपासून माझं काम थांबलंय. एका शाळेची साइट अर्धी पडलीय. दोन निळ्यांपैकी एक निवडायचाय, बास, एवढंच, आणि मला निवडता येत नाही. एक लावते, पुसते, दुसरा लावते. वाटतं, माझा डोळा तयार आहे हे कुणी बघितलंय? कुणीच नाही.

मीनाताईंना हेच विचारलं मी, रडत रडत. "ताई, ती शिकवणी होती की त्यांची सोय होती?" त्या म्हणाल्या, "दोन्ही असेल गं." मला दोन्ही नकोय. मला खरं काय ते एक हवंय, आणि ते सांगणारा माणूस मजेत निघून गेला.

तरी एक कबूल करते, नाइलाजाने. मला आता काहीही मुकाट्याने बघता येत नाही. बसमध्ये बसले की समोरच्या बाईच्या पिशवीचा रंग मनात सांगायला लागते. पोपटी नाही, कच्च्या कैरीचा, कडेला मळलेला. सिग्नलला उभी राहिले की दुकानाच्या पाट्या सांगते. कुणाला सांगते? तुम्हालाच. तुम्ही ऐकायचात तसं मला आयुष्यात कुणी ऐकलेलं नाही, आईनेसुद्धा नाही. मी बोलत असताना तुमचं एवढंही लक्ष हलायचं नाही. कसं हलेल? तेवढाच तर उजेड होता तुमच्याकडे. पण मला सांगितलं असतंत तर मी आणखी सांगितलं असतं हो. साइटच कशाला, मी तुम्हाला खिडकीतला गुलमोहर सांगितला असता. ताईंच्या नव्या साडीचे काठ सांगितले असते. मीनाताई हल्ली किती थकलेल्या दिसतात, तेही सांगितलं असतं. तुम्ही माझ्याकडून फक्त कामापुरतं घेतलंत. मला तुमच्या दुखण्यात वाटा दिला नाहीत, राग त्याचा आहे. बाकी सगळा राग त्याच्या मागून आलेला.

तर, ही नोंद. ताईंना इथे तुमचा फोटो हवाय. मी फोनमधले सगळे काढून बसले आणि वैतागले. एक फोटो धड नाही. सगळ्यांत तुम्ही भलतीकडे बघताय. मला आठवतंय, मी दर वेळी ओरडायचे, "दादा, इकडे बघा ना!" आणि तुम्ही म्हणायचात, "बघतोय." मी म्हणायचे, काय माणूस आहे, कॅमेऱ्याला पण भाव देत नाही. ताईंना म्हटलं, "यातला कुठला लावू? सगळ्यांत दुसरीकडेच बघतायत."

ताईंनी चष्मा लावून फोन हातात घेतला. एकेक फोटो बघत गेल्या. म्हणाल्या, "दुसरीकडे नाही गं. त्याला कुणाकडे बघायचं असलं ना, की त्या माणसाच्या जरा बाजूला बघायला लागायचं. सरळ समोर बघितलं की तो माणूसच पुसला जायचा."

मी फोटो निवडला. लावला. नोंद पुढे सरकवली, तर तुमची ती लाल पट्टी आली. चित्रामागची जागा रिकामी आहे. मेल्यावरसुद्धा तुम्ही मला सोडणार नाही. कधीची मी या पट्टीसमोर बसलेय. तुम्हीच विचारताय, सांग वऱ्हाड, काय दिसलं? भारी चालणार नाही, चांगले होते चालणार नाही. जे दिसतंय तेच लिहायचं. तुम्ही आता ऐकणार नाही, पण असेल एखादा. लिहिलंय, हे घ्या:

'हेमंतदादा, पन्नाशीचे, खुर्चीत रेलून बसलेले. चौकड्यांचा शर्ट, निळा, धुऊन धुऊन मऊ झालेला, एक बटण चुकीच्या काजात. मागे खिडकी, खिडकीत गुलमोहर, बहर संपत आलेला. टेबलावर झाकण पाडलेला लॅपटॉप. ओठांच्या एका कोपऱ्यात हसू. नजर कॅमेऱ्याच्या जरा उजवीकडे. फोटो काढणाऱ्या मुलीकडे बघतायत. तिला ते माहीत नाही.'